वर जाणारा बाण

‘जागेअभावी एक बाण वगळण्यात आला आहे.’ पाठ्यपुस्तक समितीच्या अध्यक्षांचे हे सहीशिक्क्याचे उत्तर तो धडा लिहिणाऱ्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापिकेने दोनदा वाचले आणि पट्टी काढली. आकृतीत मेंदूच्या तळाशी पियूषिका ग्रंथी, खाली अंडाशय. मध्ये वरून खाली येणारा हुकमाचा बाण, अंगठ्याएवढा जाड. शेजारी नऊ सेंटिमीटर कोरा कागद, आणि त्यावर एक फुलपाखरू. फुलपाखराला जागा होती. अंडाशयांच्या उत्तराला नव्हती.

ती तडक चित्रविभागात गेली. चित्रकार ब्रश धूत होता.

“फुलपाखरू तुमचं?”

“माझंच. आवडलं?”

“उडवा ते. तिथे खालून वर जाणारा बाण हवाय.”

“अध्यक्ष म्हणतात, ती मालक ग्रंथी. मालकाला उलट बोलणारं कुणी दाखवलं, तर मुली काय शिकतील?”

“शरीरशास्त्र.” तिने स्टूल ओढले. “अंडाशयांतलं इस्ट्रोजेन रक्तातून वर जातं आणि पियूषिकेला सांगतं – पुरे, हात आखडता घे. ती घेते.”

“गुपचूप?”

“गुपचूप. पण तेच इस्ट्रोजेन खूप वाढून दोनेक दिवस टिकलं, की सांगणं उलटं होतं – आता तुझं संप्रेरक सोड, भरभरून सोड. तेव्हा कुठे बीज बाहेर पडतं.”

“आधी नको, नको... मग एकदम हो?” त्याने नजर वर केली नाही. “आमच्या ताईचं लग्न असंच ठरलं.”

ती भांडायला आली होती. हसू आवरणे तिला जड गेले.

“हे विज्ञान आहे.”

“मग पुन्हा सांगा. मी जरा मठ्ठ आहे.”

तिने पुन्हा सांगितले. दुसऱ्या दुपारीही. तिसऱ्या दुपारी स्टुलावर उशी होती. ती उशी सावरून बसली.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांचा निरोप आला : आकृतीला हात लावणाऱ्याने उद्यापासून घरी बसावे.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मी पुस्तकावरून माझं नाव काढून घेते. तुमची नोकरी कशाला...”

“नोकरी माझी, मॅडम. बाणही माझाच.”

पुस्तक छापून शाळाशाळांत पोहोचले, तेव्हा अध्यक्षांनी ते उघडले. फुलपाखरू नव्हते. खालून वर, तितकाच जाड, बाण होता.

चौकशीला तिलाही बोलावले. “त्याला तुम्ही फूस लावलीत?” अध्यक्षांनी विचारले.

“बाण बरोबर आहे. बरोबर ते सांगण्याला फूस म्हणत असाल, तर हो, लावली.”

अध्यक्षांनी चित्रकाराचा लेखी जबाब तिच्यापुढे सरकवला. तिने तो उभ्यानेच वाचला :

“बाण मी काढला. मॅडमनी मला फूस लावली नाही, समजावलं. ते मला पहिल्याच दुपारी समजलं होतं. पुढच्या दोन दुपारी मी न समजल्याचं सोंग केलं, कारण समजलं म्हटलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या. यांतला गुन्हा कोणता ते समितीने ठरवावं. मला पश्चात्ताप कशाचाच नाही.”