बहात्तर नंबरचं पोर्ट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पण हे घडलंय. आमच्या बऱ्हाणपूरला, धूलकोट रोडवर, मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी.

मी सुलभा. कॉम्प्युटरच्या अगदी पोटातलं सॉफ्टवेअर लिहिते. माझा धाकटा भाऊ कडू केळी पिकवायचं कोल्ड स्टोअर चालवतो. तिथला जुना कॉम्प्युटर ठरल्या वेळी खोलीत गॅस सोडतो, मग पंखे लावून तो बाहेर काढतो. पंखे चुकले अन् माणूस आत गेला, तर गुदमरून मरतो. हे जुनं खटारं नव्या सिस्टीमला जोडून दे म्हणून कडूने माझा जीव खाल्ला होता.

कॉम्प्युटरमध्ये सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. त्याच्याशी बोलायचा दरवाजा म्हणजे सत्तर नंबरचं पोर्ट. काही जुन्या बोर्डांवर बहात्तर नंबरही त्याच घड्याळापाशी नेतो. घड्याळ एक, नावं दोन. तसं आहे का, ते तपासायचं होतं. सत्तरमधून आकडा लिहायचा, बहात्तरमधून वाचायचा. तोच आला तर दोन्ही एकच.

चहा निवायच्या आत होणारं काम. अन् मी सकाळपासून तिथेच अडकलेली!

बहात्तरमधून भलतंच येत होतं. सेल बदलला. कोड पुन्हा लिहिला. मशीनला शिव्या घातल्या.

तेच आकडे.

पासष्ट. ब्याऐंशी. शहाऐंशी...

मग लक्षात आलं, हे अक्षरांचे नंबर आहेत.

ए. आर. व्ही...

अरविंद.

माझं डोकंच फिरलं. अरविंद हे कडूचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव. माझ्यानंतरची दोन लेकरं गेली, म्हणून आईने ह्याला कडू म्हणायला सुरुवात केली. "कडू म्हटलं की मौतपण थुंकून टाकते," असं तिचं म्हणणं. दुसरं नाव घरात कुणी मोठ्याने घेतच नव्हतं.

वाटलं, ह्यानेच मस्करी केली. मी खुर्चीतूनच ओरडले, "ए कडू! मशीनमध्ये अरविंद तू टाकलं का रे? अरविंद म्हणजे तूच ना?"

तो बाहेरून हसला. "ताई, दिमाग खराब झाला का तुझा? मला कुठे येतं ते!"

स्क्रीनवरची अक्षरं थांबली.

बहात्तरने पहिल्यांदाच बरोबर आकडा दिला. तपासणी पास. दोन्ही एकच.

मी हुश्श केलं, आणि...

पंखे बंद पडले.

आतल्या खोलीतून कोणीतरी हाक मारली.

"कडू..."

आवाज माझा होता.

"आलो ताई," म्हणत तो आत गेला. दार लागलं.

मी अन् हमाल चुडामण, दोघांनी जीव खाऊन ते दार ओढलं. कडू क्रेटांच्या मध्ये पडलेला. वाचला, देवाची कृपा. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "तूच तर बोलावलं ना."

आईने कपाळावर हात मारला. "दोन्ही नावं एका दमात घेतली तू? मौतला पत्ताच देऊन टाकला की गं माय!"

त्याच संध्याकाळी तिने त्याला तिसरं नाव ठेवलं. ते मी इथे लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारूही नका.

पण त्या बोर्डावर चौऱ्याहत्तर नंबरचंही पोर्ट आहे. इतके दिवस मुकं होतं.

काल त्यातून एक आकडा आला, आणि मी घाबरून प्लगच उपटला.

पहिलं अक्षर बरोबर होतं...