जास्तीचं इंग्रजी

नालवाडीच्या चक्कीवर मी गव्हाचा डबा घेऊन उभी होते. केसांत पीठ, भुवयांत पीठ. अशा अवतारातल्या मुलीशी कोणी ओळख करून घ्यायला येतं का? पण तो आला. गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि सरळ माझ्यासमोर उभा.

"बी. ए.ले चालल्या म्हणे तुम्ही?"

"कोणं सांगतलं?"

"अण्णाजीनं." चक्कीवाले अण्णाजी लगेच दुसरीकडे पाहायला लागले.

"मी आदेश," तो म्हणाला. "इंग्रजी वाङ्मय घ्या न... जास्तीचा विषय म्हणून. सकाळचा वर्ग राह्यते. दहा जणं झाले तरच कॉलेज सुरू करते, नाई तं बंद. एक जण कमी पडून राह्यला."

मला हसायलाच आलं. बारावीत माझं इंग्रजीच गेलं होतं. वर्षभर घरी बसून, परत परीक्षा देऊन ते कसंबसं काढलं, आणि आता एकोणिसाव्या वर्षी कुठे कॉलेजचं तोंड पाहणार होते. त्यात बाबांनी बजावलेलं, "यंदा एकही विषय गेला तं शिक्षण बंद. पुलगावचं स्थळ हातचं जाऊ देणार नाई मी."

"अनिवार्य इंग्रजीच माह्या जिवावर येते," मी म्हटलं. "वरून जास्तीचं काऊन घेऊ? फुकट भेटते का?"

"फुकट नाई. सकाळची झोप द्या लागते."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यानं स्वतःच्या नाकाला हात लावला. "इथं... पीठ." मी पुसलं. "नाई, त्या बाजूनं—" मी परत पुसलं. तो हसला. मी डबा उचलला आणि रागारागात घरी आले. राग कशाचा आला, ते मात्र कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात स्वारी घरी हजर! आमच्याकडे प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजची माणसं विद्यार्थी गोळा करत दारोदार फिरतात, त्यामुळे आईला त्याचं काही वाटलं नाही. उलट पोहे केले. त्यानं दोनदा घेतले आणि जाताना एक पातळसं गोष्टीचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"एक गोष्ट वाचून पाहा. नाई आवडली तं सुटले तुम्ही."

"अन् तुम्ही?"

"माहं काय... मी काही सुटत नाई आता." असं म्हणून हेल्मेटचा पट्टा लावत बसला. लागतच नव्हता तो पट्टा.

मोबाइलवर शब्दांचे अर्थ पाहत पाहत मी ती गोष्ट दुपारभर वाचली. गावाला गेलेल्या शेजारणीच्या झाडांना एक बाई रोज पाणी घालते. शेजारीण काही परत येत नाही. बस, एवढीच गोष्ट. पण संपली तेव्हा मी ओढणीनं डोळे पुसत होते. इंग्रजीपायी मी मार्कांसाठी पुष्कळ रडले होते, गोष्टीसाठी पहिल्यांदाच!

मग तो पुस्तक न्यायला आला, दुसरं द्यायला आला, भुरभुर पाऊस असला तरी आला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"तुले विषय पाहिजे का तो पोट्टा?" माझ्या मैत्रिणीनं, रीतानं, एक दिवस मला धरलंच.

"विषय."

"मंग गाडी वाजली का दाराकडं काऊन पाह्यते?"

काय सांगणार? मला गोष्ट आवडली होती की गोष्ट आणणारा? आणि त्याला तरी काय हवं होतं? मी, की दहावं डोकं? डोकं भणाणून गेलं नुसतं. मी ठरवलं, एकदा पाहूच.

"रीताले घे न दहावी म्हणून," मी त्याला म्हटलं. "तिचं इंग्रजी पक्कं आहे."

"रीताले... नाई विचारलं."

"काऊन?"

"राह्यलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं. "तू घेते का नाई, ते सांग न."

इतका राग आला! म्हणजे डोकी मोजायलाच आला होता. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण ते दुसरं पुस्तक काही हातातून सुटेना. शेवटी बाबा चहा पीत बसले असताना मी धीर केला.

"बाबा, जास्तीचं इंग्रजी घेऊन राह्यली मी."

बाबांची कपबशी खाली. "इंग्रजी? तू?"

"हाव."

"गेलं तं?"

"गेलं तं पुलगाव." बोलून गेले खरी. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं मी!

वर्ग सुरू झाला त्या दिवशी मी मोहरी रंगाचा नवा कुर्ता घातला. कोणासाठी, ते सांगायला नको. आत शिरल्याबरोबर सगळी बाकं पाहिली. आदेश नव्हता. वाटलं, उशिरा येईल. मॅडम आल्या, शिकवायला लागल्या, तास संपला, तरी नाही.

मी दाराशी घुटमळले, तर मॅडमच जवळ आल्या. "तू काजल ना? आदेशची मी मोठी बहीण."

"तो... कोणत्या वर्षाला आहे?"

"आदेश? अगं, त्याचं कॉलेज केव्हाच झालं. हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करतो. माझा वर्ग बंद पडू नये म्हणून बिचारा सुट्ट्या काढून घरोघर फिरला."

म्हणजे असं होतं तर. ताईची नोकरी वाचवायला माझ्या घरचे पोहे! "बरं झालं," मी म्हटलं, "दहावी मी भेटले."

"दहावी?" मॅडम हसल्या. "दहा तर केव्हाच झाले होते. तू अकरावी. मी म्हटलं, पुरे आता, तर म्हणे नालवाडीला एक काम राहिलंय."

मी धावतच बाहेर आले. तो फाटकाशी गाडीला टेकून उभा होता. पावसानं शर्ट अर्धा भिजलेला.

"खोटारडा! दहा केव्हा झाले होते?"

त्याचे कान लाल झाले. "पोहे खाल्ले न तुह्या घरी... त्याच्या आदल्या दिवशी."

"मंग मले काऊन फसवलं?"

"तुह्या घरी यायले काही तं कारण पाहिजे न! बिना कारणाचं तुह्या बाबानं उभं राहू देल्लं असतं का?"

"अन् मी नापास झाली तं? शिक्षण बंद होते माहं. पुलगावले लग्न लावून देतीन. माहीत होतं का तुले?"

त्याचा चेहरा पार उतरला. "नाई... सच्ची नाई, काजल." मग म्हणाला, "सोडून दे तो विषय. अजून मुदत आहे. तू गेली तरी ताईचा वर्ग चालते. मी बाबाले येऊन सांगतो, चूक माही आहे." आणि अगदी हळू, "मले तू आवडते. चक्कीवर पाह्यलं तेव्हापासून. पण माह्यापायी तुहं वर्ष नको जायले."

आता काय करावं माणसानं? मारावं की हसावं? आनंद म्हणावा तर एवढी फसवणूक, आणि राग म्हणावा तर ओठ ऐकत नव्हते. एक गोष्ट मात्र त्या गोंधळातही स्वच्छ कळली. आज तो वर्गात नव्हता, तरी तासभर मी कान देऊन ऐकत होते. मॅडमनी कविता अर्ध्यावर सोडली तेव्हा मला चुटपुट लागली होती. ती चुटपुट माझी होती, त्यात आदेशचा काही संबंध नव्हता.

"विषय मी सोडत नाई," मी म्हटलं.

"अन्..." तो हेल्मेटकडे पाहत म्हणाला, "अन् मी?"

"तुले कोण सोडून राह्यलं?"

एवढं बोलले आणि मलाच इतकं लाजायला झालं की मागे न पाहता तरातरा चालायला लागले.

"काजल," तो मागून ओरडला, "नालवाडी इकडं आहे न!"