न जेवणारा माकुल

"शुभाताई, माझी वाट लागली," गंधाली आत येताच म्हणाली. "गिऱ्हाईक मला चोर म्हणतंय."

खासगी गुप्तहेर शुभा दळवीने तिला बसवलं. गंधाली मुलुंडच्या घरात खाऱ्या पाण्याच्या टाक्यांमध्ये माकुल, म्हणजे शाई सोडणारे कटलफिश, वाढवून हौशी लोकांना विकायची.

"बाजारात किलोवर मिळतात," शुभाचा सहकारी माणिक म्हणाला. "तू एकाचे अठरा हजार घेतेस?"

"माणिकदादा, मी अंड्यापासून वाढवते. समुद्रातून धरलेल्याला जिवंत भक्ष्यच लागतं. माझे फ्रीजरमधली कोळंबी हातातून खातात. किंमत त्या मेहनतीची आहे. आता माझ्याकडून माकुल घेतलेल्या चंद्रप्रकाशकाकांनी हौशी लोकांच्या ग्रुपवर लिहिलंय, मी समुद्रातला माकुल घरचा म्हणून खपवला. सगळ्या ऑर्डरी रद्द झाल्या."

तिघं घाटकोपरला गेले. हृदयाचं ऑपरेशन करून नुकतेच घरी आलेले चंद्रप्रकाश चिडूनच बोलले.

"आधी माझ्या बोटांतून कोळंबी खायचा. इस्पितळातून आलो, तर जवळ गेलं की शाई सोडतो. मी आल्यापासून तो उपाशी आहे. शेवटी मूळ स्वभावावर गेलाच!"

शुभाने टाकीत पाहिलं. माकुल चांगला गुटगुटीत होता.

"बाबा नव्हते तेव्हा मीच बघायचो," त्यांचा मुलगा केतन म्हणाला. "नीट खायचा."

गॅलरीतल्या बादलीत जिवंत कोळंब्या होत्या.

"या कशाला?" शुभाने विचारलं.

"गळाला लावायला," केतन म्हणाला.

"तू मासे कधीपासून धरायला लागलास?" चंद्रप्रकाश चकित झाले.

माणिक कुजबुजला, "गंधालीकडून माकुल इथे पोहोचवणाऱ्या माणसाने वाटेत बदलला असणार."

"नाही रे," शुभा मोठ्यानेच म्हणाली. "इथे आल्यावर तो फ्रीजरमधली कोळंबी खात होता. म्हणजे गंधालीचाच माकुल पोहोचला. हा ती खात नाही, म्हणजे हा दुसरा आहे. काका इस्पितळात असताना बदललेला. आणि उपाशी असूनही वाळला नाही, कारण कोणीतरी त्याला गुपचूप जिवंत कोळंबी घालतंय. केतन, पहिला कसा मेला?"

केतन खाली बसला.

"टाकीत खाऱ्याऐवजी नळाचं पाणी ओतलं मी. डॉक्टर म्हणाले होते, बाबांना धक्का बसायला नको. वेसाव्याला बोटीवरून हा आणला. बाबांनी हिला दोष दिला, तेव्हा तोंड उघडायचा धीरच झाला नाही."

"माकुल मेला, हे मी सोसलं असतं रे," चंद्रप्रकाश हळूच म्हणाले. "पण एका पोरीला मी चारचौघांत चोर म्हटलं."

ते कष्टाने उठले, गंधालीसमोर आले आणि त्यांनी हात जोडले. मग फोन केतनपुढे धरला.

"लिही ग्रुपवर. माझी चूक आधी, तुझी नंतर."