कानामागचा भंडारा

"बाई, कानामागं हळद ऱ्हायलीया तुमच्या."

पुस्तकावर शिक्का मारता मारता तो हळूच म्हणाला आणि मी झटकन पदराने कान झाकला. रविवारची संध्याकाळ, बाहेर भुरभुर पाऊस, आणि इस्लामपूरच्या वाचनालयात मी पहिल्यांदाच आलेली. त्याचं नाव लालासाहेब. नाव एवढं थोरलं आणि हुद्दा कारकुनाचा! पण डोळे असे हसरे, की मला शिक्क्यावरची तारीखही वाचता येईना.

"कवा हाय लगीन?"

मी नुसती हसले... तिथंच चुकलं.

ती हळद लग्नाची नव्हती. तो माझ्या बिरोबाचा भंडारा होता. मेंढरांमागे फिरणारी आमची माणसं तो कपाळभर लावतात, मिरवतात. मी मात्र माणदेशातून शिकून आलेली शाळामास्तरीण. १९७४ साल, नवी नोकरी, नवं गाव. "धनगराची का गं तू?" असं कुणी नाक मुरडून विचारू नये म्हणून माझा देव ट्रंकेत. दर रविवारी दार लावायचं, देव बाहेर काढायचा, भंडारा लावायचा, चांगभलं म्हणायचं तेही मनातल्या मनात. आणि बाहेर पडण्याआधी साबणाने तोंड धुवायचं. घरमालकीण अंबूबाई शेजारणींना सांगायच्या, "पोरगी लय शांत हाय." शांत कसली, एकटी होते मी! ज्याला हाक मारायची त्यालाच लपवून ठेवलं, तर सोबत कुणाची असणार?

वाचनालयाची मात्र गोडी लागली. पुस्तकांची की शिक्का मारणाऱ्याची, ते विचारू नका. पण तो आता मान वर करेचना.

"ही कादंबरी कशी हाय?" मी एकदा विचारलं.

"नवऱ्याला इचारा."

"आन् नवराच नसला तर?"

"मग काय, आमटीतली हळद कानाला लागली व्हय?"

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर हा नाक मुरडणार, आणि न सांगावं तर दुसऱ्याची समजून दूर जाणार. पुढचे दोन आठवडे मला घास गोड लागला नाही. शेवटी एका रविवारी, वाचनालयात दुसरं कुणी नाही असं बघून, सगळं सांगून टाकलं. मेंढरं, बिरोबा, ट्रंक...

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे... लगीन न्हाई?"

"न्हाई."

"चांगभलं!" असं म्हणून त्याने शिक्का चक्क टेबलावरच मारला.

मग मला स्वर्ग दोन बोटं उरला. वाचनालय बंद झालं की तो कोपऱ्यापर्यंत सोबत यायचा. कागदाच्या पुडीतले शेंगदाणे माझ्या हातावर ओतताना त्याचं बोट तळव्याला लागायचं, आणि शेंगदाणे खायचे राहूनच जायचे.

दिवाळीनंतर त्याला पाटणला नोकरी लागली. जायच्या दिवशी, रविवारी सकाळी, मी स्टँडवर गेले. त्याने आधी माझ्या कपाळाकडे बघितलं... मग आजूबाजूला.

"आज पुसायचं ऱ्हायलं?"

"न्हाई. आज पुसलंच न्हाई."

तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "हरणा, लगीन करू या. आईला म्हणीन, तू आमच्यातलीच हायस. देव काय, ट्रंकेत ऱ्हाईल की. मी कवा एका शब्दानं बोलायचो न्हाई."

"व्हय" अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. किती दिवस वाट बघितली होती या बोलण्याची!

"आईंना खरं सांगा," मी म्हणाले. "मग मी पाटणला चालत येते."

"न्हाई गं जमायचं... तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"हितके दिस तिथंच हुते की मी. लय एकटं वाटतं तिथं."

बस लागली, तो चढला, कंडक्टरने घंटी मारली. माझं प्रेम तसूभर कमी झालं नव्हतं, म्हणून तर जीव तुटत होता. मी हात उंच करून हलवला. सगळा स्टँड माझ्याकडे बघत होता.

त्यानेही हात हलवला. खिडकीच्या खाली, शेजारच्याला दिसणार नाही असा.