प्रश्नांच्या मोकळ्या जागा

एफवायबीएला इतिहास घेतलेल्या आम्हा चाळीस जणांना नीलम मॅडमनी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत रेकॉर्ड करून आणायला सांगितली होती. चांगली मुलाखत घाटकोपरच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कायमची ठेवणार होते. मी मानखुर्दची संघमित्रा, घरातून कॉलेजला आलेली पहिलीच. माझी शकुआजी छप्पन्न साली वर्ध्याकडच्या गावातून नागपूरला धम्मदीक्षेला चालत गेली होती. तिचा आवाज तिथे जायलाच हवा होता.

वर्गात मी फोन स्पीकरवर लावला. दोनच मिनिटांत मॅडमनी थांबवलं.

"यात तुझे प्रश्न कुठे आहेत?"

मी खरं ते सांगितलं. नळाला पाणी आलं म्हणून फोन आजीजवळ ठेवून मी खाली गेले होते. ती एकटीच बोलत बसली, मध्ये मध्ये थांबत. दम लागत असेल, असं मला वाटलं होतं.

"प्रश्नच नाहीत तर ती मुलाखत कशी? पुन्हा घे."

"मॅडम, आजी गेल्या महिन्यात गेली."

मॅडमनी माझ्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, लाव परत." आजीचा आवाज मध्येच थांबला तसं सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "किती दिवस चाललात?"

"तीन दिवस, बाई," फोनमधून आजी म्हणाली.

कोणीतरी हसलं. योगायोग, मी स्वतःला सांगितलं. रेकॉर्डिंग मी दहा वेळा ऐकलं होतं. शब्द तेच होते.

रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा शांतता आली.

"दीक्षेसाठी पांढरी साडी होती तुमच्याकडे?" मॅडमचा आवाज उतरला होता.

"कुठली? लाल लुगडं सोड्यात उकळून उकळून पांढरं केलं. काठ गुलाबीच राहिला. तसंच नेसले, पण मान खाली नाही घातली."

अभिमानाने मी फोनचा आवाज वाढवला. आणि तेव्हाच लक्षात आलं, घरात आजी कोणालाच बाई म्हणत नसे.

"बंद कर ना यार," शेजारचा चैतन्य कुजबुजला.

मी बंद केलं नाही.

मॅडम उभ्या राहून विचारत होत्या. आजी उत्तरं देत होती. मॅडमनी मुलाखतीच्या माझ्या लेखी प्रतीवर 'ग्रंथालयासाठी' असं लिहून सही केली.

शेवटचं वाक्य मला पाठ होतं. आजी भरकटली असं समजून लेखी प्रतीतून ते मी गाळलं होतं. म्हणून मी आधीच मागे वळून पाहिलं.

शेवटच्या बाकावर जान्हवी हात वर करून बसली होती.

"थांबा बाई," आजी म्हणाली, "ती मागची पोरगी कधीची हात वर करून बसली आहे."