दुपारच्या डॉक्टर

आमच्या वॉर्डात दुपार म्हणजे दोन धावपळींच्या मधली फट. सकाळचा राउंड आटपून सर निघून जात, नातेवाईक जेवायला खाली उतरत आणि पंख्यांची कुरकुर ऐकू येण्याइतकी शांतता पसरे. पंखे चालू असले तर. बायकांचा वॉर्ड होता, दुसऱ्या मजल्यावर. खाटा संपल्या की खाटांच्या मधे गाद्या आणि गाद्या संपल्या की नुसत्या चादरी. सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना पट्टीच्या तुकड्यांनी बांधलेल्या असत. लिफ्ट मी रुजू होण्याआधीपासून बंद होती. पेशंटला चादरीच्या झोळीत घालून नातेवाईकच जिने चढत, आणि वर पोचेपर्यंत झोळी धरणाऱ्यांपैकीच कुणाची तरी नाडी बघायची वेळ येई.

मी शिकाऊ निवासी डॉक्टर होते. शिकाऊ म्हणायचं ते पगारापुरतं, बाकी काम पुऱ्या डॉक्टरचं, हमालाचं आणि भांडखोर सुनेचं. युनिटमध्ये मी आणि माझ्याबरोबरचा एक उंच, वाकून चालणारा मुलगा, दोघंच. त्याला सगळे लंबू म्हणत. रक्त काढायचं, ते लॅबपर्यंत न्यायला कुणाच्या तरी हातापाया पडायचं, शेजारच्या वॉर्डातून ऑक्सिजनचं सिलिंडर उसनं, म्हणजे पळवून, आणायचं. यात दिवस जाई. पेशंटजवळ बसणं ही चैन होती. ‘काय होतंय?’ असं विचारून उत्तर येईपर्यंत मी पुढच्या खाटेपाशी पोचलेली असे.

एका दुपारी खिडकीखालच्या खाटेवरची म्हातारी मला म्हणाली, “मघाशी बसलात ना जवळ, फार बरं वाटलं बघा. हात किती गार तुमचा!”

मी बसले नव्हते. सकाळपासून कुठेच बसले नव्हते. तिला ताप होता, आणि रक्तातलं मीठ उतरलं की म्हातारी माणसं काहीबाही बोलतात. मी तिचं मीठ तपासायला पाठवलं. मीठ ठीक होतं.

मग दुसरी एक बोलली. मग तिसऱ्या एकीचा नवरा जिन्यात भेटला, हात जोडून म्हणाला, “तुम्ही मघाशी सगळं नीट समजावून सांगितलंत. इतके दिवस कुणी सांगितलंच नव्हतं.” मी त्याला ओळखलंसुद्धा नाही. काय सांगितलं म्हणून विचारलं, तर त्याने बायकोचा सगळा आजार घडाघडा सांगितला. चूक काढायला जागा नव्हती. मी सांगितलं असतं तर तसंच सांगितलं असतं. वेळ असता तर.

लंबूला बोलले तेव्हा तो हसला. “झोपेत चालत असशील. आपल्यातले निम्मे तसेच चालतात.”

मलाही ते पटलं. आठवडेच्या आठवडे अर्धवट झोपलेलं माणूस काय करतं हे त्याचं त्याला आठवत नाही. पण एकदा तळमजल्यावर एका पेशंटच्या पोटातलं पाणी काढून मी वर आले, हातमोजेही अजून हातात होते, तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “त्या गादीवरच्या मुलीला किती छान सुई लावलीस गं. मला तर शीरच सापडत नव्हती.”

मी जाऊन पाहिलं. सुई नीट बसली होती. वरच्या चिकटपट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं. काढताना कातडी ओढली जाऊ नये म्हणून मी तसं दुमडते. आमच्याकडे दुसरं कुणी दुमडत नाही, कुणाला सवड आहे?

“आत्ताच लावली?” मी विचारलं.

“आत्ता म्हणजे, तू हात धुवायला गेलीस ना, त्याच्या आधी.” मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग हातमोज्यांकडे पाहिलं. मग त्या औषधांच्या ट्रॉलीकडे वळल्या.

मी तिला एकदाच पाहिलं. जिन्याच्या वळणावरून वॉर्डाच्या दाराची काच दिसते. काचेपलीकडे पांढरा ॲप्रन खाटेवर वाकलेला होता. केसांच्या बुचड्यात पेन खोचलेलं. मी माझ्या बुचड्याला हात लावला, पेन होतं. ती खाटेच्या कडेवर टेकली, पेशंटच्या कपाळावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. कुठेही जायचं नसलेल्या माणसासारखी. मी उरलेल्या पायऱ्या धावत चढले. आत पेशंट शांत झोपली होती, आणि खाटेच्या कडेला चादर खोल दबलेली होती. ती हळूहळू वर आली.

पेशंट तिला ‘दुपारच्या डॉक्टर’ म्हणायला लागले. मला ‘सकाळच्या’. सकाळच्या जरा तिरसट आहेत, दुपारच्या फार मायाळू, असं एक बाई दुसरीला सांगत होती आणि मी दाराआड उभी राहून ऐकत होते. स्वतःशीच तुलना होऊन त्यात आपण हरतो आहोत हे ऐकणं कसं असतं, ते मला सांगता येणार नाही.

शेवटी मी सरांकडे गेले. ते युनिटचे प्रमुख, निवृत्तीला आलेले. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रजा देतील किंवा मानसोपचार विभागाकडे धाडतील.

“काही चुकीचं करते का?” त्यांनी विचारलं.

“नाही सर.”

“पेशंटची तक्रार?”

“नाही. उलट...”

“मग येऊ दे.” त्यांनी चष्मा परत लावला. “मी वर्षानुवर्षं एक जास्तीचा माणूस मागतोय. आभाळ फाटलंय तिथे ठिगळ कुठून आलं हे मी बघत बसत नाही.”

ते चेष्टा करत नव्हते, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाने आईला आणलं. दादा माझा मोठा भाऊ, आई त्याच्याकडे असे. तिचं हृदय बरीच वर्षं थकलेलं होतं, आता फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. फोनवर मी दादाला दहादा सांगितलं, इथे नको आणूस, कुठेही ने. तो म्हणाला, “आपली डॉक्टर तिथे असताना दुसरीकडे कशाला? तू जवळ असलीस की तिला निम्मं बरं वाटेल.”

तर आई माझ्याच वॉर्डात आली. खाट मिळाली एवढीच माझी वट. नाकाला ऑक्सिजनचा मुखवटा, पाठीमागे उशांचा ढीग. मी येता-जाता तिच्या पायांवरची सूज दाबून बघे आणि पुढे पळे. ती मुखवटा बाजूला करून म्हणे, “जा, तुझं काम कर. मी काय पळून चाललेय?”

एकदा मात्र तिने माझा ॲप्रन धरला. “बस ना जरा. तुला एक सांगायचंय.”

“आलेच आई. तेवढं खाली एकीला बघून येते.”

खाली खरोखरच एक होती. कीटकनाशक प्यायलेली मुलगी, श्वास बंद पडत आलेला. मी तिच्या घशात नळी घातली. व्हेंटिलेटर एकही मोकळा नव्हता, म्हणून नळीला रबरी फुगा जोडला आणि हाताने दाबायला लागले. दाब, सोड, दाब, सोड. हात थांबला की मुलगी थांबणार. तिच्या बापाच्या हातात फुगा देऊन पाहिला, तर त्याच्या बोटांना कापरं भरलं. तेवढ्यात हमरस्त्यावर बस उलटल्याची बातमी आली, आणि मागोमाग बसमधली माणसंच आली. जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. फुगा माझ्याच हातात राहिला.

बरीच दुपार गेली. माझे पंजे आखडले होते. मधेच वरच्या वॉर्डातली एक नर्स औषधं न्यायला आली. मी तिला ओरडून विचारलं, “माझी आई कशी आहे?”

ती गर्दीतूनच म्हणाली, “घाबरली होती मघाशी, धाप वाढली होती. आता...” आणि माझ्याकडे नीट बघून मागे सरली. औषधं न घेताच गेली.

मी लंबूला हाक मारली. तो दोन जखमींच्या मधे गुडघ्यांवर बसला होता. “वर जा. आईला बघ. पाया पडते तुझ्या.”

तो गेला. मी दाबत राहिले.

तो परत आला तो भिंतीला धरत. माझ्यासमोर उभा राहिला.

“अरे बोल की! कशी आहे?”

“तू वर आहेस,” तो म्हणाला.

“काय?”

“आईच्या उशाशी बसलीयेस. मी विचारलं, खाली फुगा कोण दाबतंय? तर तू म्हणालीस...” त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. “म्हणालीस, ‘ती दाबतेय.’”

मग त्याने पुढे होऊन माझ्या हातातून फुगा घेतला. मला तो सोडता येईना, त्याला माझी बोटं एकेक करून उघडावी लागली.

मी जिना चढले.

वॉर्डात पंखे बंद होते.

दादा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मला बघून तो पुढे आला आणि त्याने मला घट्ट जवळ घेतलं. “बरं झालं, शेवटपर्यंत होतीस,” तो म्हणाला. “माझ्याच्याने बघवलं नसतं एकट्याने. इतक्यात तोंड धुऊन आलीससुद्धा?”

मुखवटा कुणीतरी काढून ठेवला होता. डोळे मिटलेले. नीट, हलक्या हाताने मिटलेले.

मी आईचा हात हातात घेतला. ऊन होता. गाल ऊन होता. कपाळ मात्र गार होतं. सगळं नाही. मधला भाग, हाताच्या पंजाएवढा.

“काय म्हणाली ती?” मी विचारलं.

दादाने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. “तुझ्याच कानात तर बोलली. किती वेळ बोलत होती. हसलीसुद्धा. मला कसं कळणार?”

ती मुलगी जगली. चालत घरी गेली. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, असं मी स्वतःला सांगत असते.

दुपारच्या डॉक्टर त्यानंतर वॉर्डात आल्या नाहीत. पेशंट वाट बघायचे, विचारायचे, मग नवे पेशंट आले आणि त्यांना सकाळच्याच ठाऊक झाल्या. आईच्या दिवसकार्यालाही मला जाता आलं नव्हतं; सुट्टी मिळायला पावसाळा उलटून थंडी पडली. तोवर दादाशी फोनवर बोलणं व्हायचं ते हो-नाहीपुरतं. जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा जेवणं आटपून सगळं घर सुस्तावलं होतं. वहिनीने दार उघडलं आणि जराशी दचकली. दादा बाहेरच्या खोलीत बसला होता. त्यांची मुलगी, आमची चिमणी, जमिनीवर रंगीत खडूंचा पसारा मांडून बसली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि पाणीही न पिता सांगून टाकलं. “दादा, आई गेली तेव्हा तिच्याजवळ मी नव्हते.”

मला वाटलं, तो चिडेल, नाहीतर मला वेड लागलंय म्हणेल. तो जमिनीकडे बघत राहिला.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला.

“तुला कधी कळलं?”

“मला नंतर. आईला तेव्हाच.” वहिनी स्वयंपाकघरात जायला निघाली होती, ती दारातच थांबली. दादा पुढे म्हणाला, “धाप वाढली तेव्हा तुला बोलवायला निघत होतो मी, तर उशाशी तू दिसलीस. आईने हाताने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, ही आपली नाही. मी म्हटलं, काय बोलतेस आई? तर म्हणाली, असू दे, असू दे. हिला वेळ आहे.”

मी भिंतीला टेकून खाली बसले. हॉस्पिटलात मी रडले नव्हते. वेळ झाला नव्हता. आता रडायला लागले, आवाज काढून, लहान मुलासारखी. तिला काय सांगायचं होतं, दादा, मला एकदाच थांबता आलं असतं तर, असं काहीतरी मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. दादाने मला थोपटायला हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. त्याची नजर सारखी आतल्या खोलीच्या दाराकडे जात होती. दार लोटलेलं होतं.

चिमणीने खडू खाली ठेवला. माझ्याजवळ आली, आणि ओठांवर बोट ठेवून मला दटावलं.

“हळू रड ना. आत आत्या झोपलीय.”

  आतून संथ, गाढ झोपेतल्या श्वासाचा आवाज येत होता.

मी तोंडावर पदर धरला आणि आवाज हळू केला.