चौथा पिस्टन

हे खरं घडलंय. मी स्वतः ऐकलंय. पटत नसेल तर इथेच थांबा.

ऑक्टोबर २०१७. कपाशीवर फवारणी चालू होती. परतवाड्यात धारणी रोडवर माझ्या अब्बांचं, वाहेद मिस्त्रींचं, गॅरेज होतं.

खुशालरावांची प्रवासी जीप इंजिनकामाला आली. अब्बांनी तीन पिस्टन घासलेटात भिजवून कार्बन खरवडला. चौथा तसाच बसवला. जुम्म्याच्या नमाजची घाई होती.

"एवढं चालते," म्हणाले.

आठवड्याने खुशालरावांच्या बायकोला, केशरबाईंना, फवारणीचं औषध बाधलं. खुशालराव तिला जीपमध्ये घालून दवाखान्याकडे निघाले. घाटात जीप चढेचना. दुसरी गाडी येईपर्यंत बाई खोकून खोकून गेली.

चार दिवसांनी ते जीप ओढत घेऊन आले. भर दुपार होती. मी अब्बांचा डबा घेऊन गेले होते.

"खोल," एवढंच म्हणाले.

अब्बांनी चौथा पिस्टन काढला. वर डांबरासारखा थर. पातं लावून एकदा खरवडलं...

कोणीतरी श्वास घेतला.

अब्बांचा हात थांबला. तो श्वासही थांबला.

पुन्हा खरवडलं... पुन्हा श्वास. मग खोकला. बाईचा.

खुशालराव ढसाढसा रडायला लागले.

"केशर हाये! वाहेदभाई, थांबू नोको."

"भाऊ, कार्बन संपला."

"घास म्हणतो ना तुले!"

सात वर्षं ते रोज दुपारी यायचे. अब्बा मान खाली घालून घासायचे. पिस्टनचं डोकं पत्र्याएवढं पातळ झालं. मला अब्बांची कीव यायची. रागही यायचा, कारण चूक त्यांचीच होती.

मागच्या वर्षी अब्बा दम लागून गेले. खुशालराव पिस्टन घरी घेऊन गेले.

आज दुपारी ते माझ्या दारात आले. फडक्यात पिस्टन.

"मी घासून राहिलो, यास्मीन. ती येतच नाई. तू वाहेदची पोरगी. तू घासून पाह्य."

दार लावून घ्यायला हवं होतं. नाही लावलं. एकदाच घासलं...

श्वास आला.

मग खोकला. रात्र रात्र भिंतीपलीकडून ऐकलेला.

अब्बा.

खुशालरावांनी कान देऊन ऐकलं आणि उठले.

"ही केशर नाई," म्हणाले. "ठेव मंग तुलेच."

मागे वळूनही पाहिलं नाही.

पिस्टन माझ्या मांडीवर आहे. त्याला भोक पडलं तर काय होईल, मला माहीत नाही. हे सगळं मी एका हाताने टाईप केलंय.

दुसरा थांबवता येत नाही...